आम्हांस आवडलेले व्हिडिओ गेम

'व्हिडिओ गेम' हे दोन शब्द घरात उच्चारले की बहुधा दोन पक्ष पडतात. मुलांचे डोळे चमकतात आणि वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. दोन्ही पक्षांचे बोलणे आम्ही पुष्कळ वेळा ऐकले आहे, आणि आमचे मत असे झाले आहे की एकाच नावाखाली दोघे दोन निराळ्या वस्तूंविषयी भांडत असतात. मुले ज्यास गेम म्हणतात तो बहुधा खेळ असतो. पालकांच्या मनात जो गेम असतो तो पुष्कळदा जुगार असतो. गोंदियाच्या पालकांस तर याविषयी धास्ती वाटावयास सबळ कारण आहे. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी आपल्या शहरातील एका घरावर छापा घातला. ऑनलाइन गेमच्या नादी लावून आपणांस ५८ कोटी रुपयांस बुडविले, अशी नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती. त्या छाप्यात कोट्यवधी रुपयांची रोकड आणि किलोंनी मोजावे इतके सोने व चांदी हाती लागली. तांदळासाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या शहराचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत अशा रीतीने छापून आले, आणि बातमीच्या प्रत्येक ओळीत 'गेम' हा शब्द होता. तेव्हा मोबाइलवर निरुपद्रवी साप खेळविणाऱ्या पोराकडेही आई संशयाने पाहू लागली, तर तिला दोष कोणी द्यावा?

यास्तव आम्ही असे योजिले आहे की, आजवर जे व्हिडिओ गेम आम्हांस अतिशय आवडले त्यांपैकी काहींची येथे ओळख करून द्यावी. ते कोणी रचिले, कसे रचिले आणि आत त्यांची घडण कशी आहे, हे सांगावे. आवड म्हणजे शास्त्र नव्हे. दुसरा कोणी निराळी नावे सांगेल, आणि आमच्या यादीवर हसणारे विद्यार्थी तर आम्हांस आताच दिसत आहेत. परंतु खेळाची घडण एकदा कळली म्हणजे खरा खेळ कोणता आणि खेळाचे सोंग घेतलेला जुगार कोणता, हे ओळखणे फारसे कठीण राहत नाही.

व्हिडिओ गेमचे वय फार नाही. १९५८ साली अमेरिकेतील ब्रूकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या पदार्थविज्ञानवेत्त्याने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांची करमणूक व्हावी म्हणून, ऑसिलोस्कोपच्या लहानशा वाटोळ्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. एक प्रकाशाचा ठिपका आणि मध्ये जाळे, एवढाच तो संसार. तरी लोक रांग लावून उभे राहिले. पुढे १९७२ साली अटारी या कंपनीने 'पाँग' नावाचे नाणे टाकून खेळावयाचे यंत्र काढले. पहिले यंत्र कॅलिफोर्नियातील एका मद्यगृहात ठेविले होते. ते थोड्याच दिवसांत बंद पडले म्हणून दुरुस्तीस माणूस गेला, तो यंत्रात बिघाड काहीच नव्हता, नाण्यांची पेटी तुडुंब भरल्यामुळे नवे नाणे आत जाईना!

आता आमच्या आवडीकडे वळू. पहिला मान आम्ही 'टेट्रिस' या खेळास देतो. हे नाव अपरिचित वाटले तरी खेळ पालकांस चांगला परिचित असेल. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईत एके काळी 'ब्रिक गेम' म्हणून हाती धरावयाचे एक खेळणे मिळे. ज्यात वरून विटा पडत आणि त्या खाली नीट बसवाव्या लागत, तो हाच. १९८४ साली मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्ह याने तो रचिला. त्याच्यापुढील 'इलेक्ट्रॉनिका ६०' या संगणकास चित्र काढता येत नसे, केवळ अक्षरे व चिन्हे उमटत. तेव्हा त्याने कंसाच्या चिन्हांनी विटा काढल्या. मूळ कल्पना त्याने पाच चौकोन जोडून होणाऱ्या आकृत्यांच्या एका जुन्या कोड्यावरून घेतली. तशा आकृत्या बारा होतात. त्या पटापट ओळखणे जड जाते असे पाहून त्याने एक चौकोन कमी केला, आणि आकृत्या सात उरल्या. विद्यार्थ्यांनी चौकटीच्या कागदावर चार चौकोन कडेस कड लावून जोडून पाहावे. आरशातील प्रतिबिंबासारख्या जोड्या निरनिराळ्या मोजल्या, तर सातच आकृत्या येतात. आठवी काढून दाखविणाऱ्यास आम्ही बक्षीस द्यावयास तयार आहो.

आपल्याकडील गोदामांत धानाच्या पोत्यांची थप्पी लावणारा हमाल ज्याने पाहिला आहे, त्यास टेट्रिसचे मर्म निराळे सांगावयास नको. पोते कोठे ठेवावे हे तो पोते पाठीवर असतानाच ठरवितो. खाली पोकळी राहिली तर वरची सारी थप्पी डळमळते. टेट्रिसमध्ये भेद एवढाच की आडवी ओळ पुरी भरली की ती नाहीशी होते, आणि वीट पडण्याची गती वाढतच जाते. गणितज्ञांनी असे सिद्ध केले आहे की, विटा यदृच्छेने पडत राहिल्या तर कितीही निष्णात खेळाडू असो, पुरेशा दीर्घ काळाने तो हरावयाचाच. कारण नागमोडी विटा एकामागून एक अशा क्रमाने कधी ना कधी येतील की त्यांस जागाच उरणार नाही. असे असूनही डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या मुलाने १९८९ सालच्या टेट्रिसची अशी स्थिती केली की खेळाडूऐवजी यंत्रच थकले. आतील गणना कोलमडून पडदा गोठला. चौतीस वर्षांत कोणा मनुष्यास हे साधले नव्हते. पाजित्नोव्ह याची हकीगत मात्र मनास लागते. खेळ जगभर विकला गेला, पण हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्यामुळे त्याच्या हाती १९९६ सालापर्यंत त्यातील मोबदला आला नाही.

दुसरा खेळ 'पॅक-मॅन'. जपानमधील नामको या कंपनीच्या तोरू इवातानी याने १९८० साली तो काढला. एक पिवळे, वाटोळे, सदा तोंड वासलेले पात्र चक्रव्यूहातील ठिपके खात फिरते आणि चार भुते त्याच्या मागे लागतात. वरवर पाहता बालिश वाटणारा हा खेळ आम्हांस इतका प्रिय का, याचे उत्तर त्या चार भुतांच्या स्वभावात आहे. ज्याने आट्यापाट्या खेळल्या आहेत त्यास ठाऊक असेल की, अडविणारे सगळेच एका रीतीने धावू लागले तर हुलकावणी देणारा सहज निसटून जातो. अडविणाऱ्यांची रीत निरनिराळी असली तरच खरी कोंडी होते. इवातानीने नेमके हेच केले. तांबडे भूत पॅक-मॅन ज्या घरात असेल त्या घराकडे सरळ धावते. गुलाबी भूत त्याच्याकडे धावत नाही; तो ज्या दिशेस तोंड करून आहे त्या दिशेने चार घरे पुढे जाऊन वाट अडवू पाहते. निळसर भुताचा हिशेब सर्वांत गुंतागुंतीचा आहे. पॅक-मॅनच्या पुढे दोन घरे एक बिंदू घ्यावयाचा, तांबड्या भुतापासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढावयाची, ती तितकीच पुढे लांबवावयाची, आणि तिच्या टोकाकडे धावावयाचे! म्हणून तांबडे भूत जवळ आले की निळेही घातक होते, आणि तांबडे दूर असले की निळे भलतीकडेच भटकते. चौथे नारिंगी भूत सर्वांत मजेदार. दूर असता ते पाठलाग करते, परंतु आठ घरांच्या आत आले की भिऊन आपल्या कोपऱ्याकडे परत फिरते.

यांत कोठेही बुद्धी नाही, मत्सर नाही, कट नाही. चार साधे नियम आहेत. तरीही खेळणाऱ्यास वाटते की चौघे मिळून मसलत करीत आहेत. शिवाय ही भुते सतत पाठलाग करीत नाहीत. काही सेकंद धावून झाले की ती आपापल्या कोपऱ्यांकडे जातात, मग पुन्हा येतात. एकसारखा जाच झाला तर खेळणारा उबगेल, त्यास श्वास घ्यावयास उसंत हवी, हे इवातानीने ओळखले होते. याच खेळाचा २५६ वा डाव अर्धा विस्कटलेला दिसतो. डाव मोजावयास त्या यंत्रात आठ द्विमान अंकांची जागा होती, आणि आठ द्विमान अंकांत ० पासून २५५ पर्यंतच संख्या बसतात. जे विद्यार्थी द्विमान पद्धती 'कशासाठी शिकावयाची' असे विचारतात, त्यांनी तो विस्कटलेला पडदा अवश्य पाहावा.

'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ सालच्या खेळाविषयी फार सांगावयास नको. टीव्हीला जोडावयाचा डबा आणि पिवळी कॅसेट ज्यांच्या घरी होती, त्या आजच्या कित्येक पालकांनीही तो खेळला असेल. शिगेरू मियामोतो व त्याचे सहकारी यांनी तो सारा खेळ ४० किलोबाइटांत बसविला. आज मोबाइलने घेतलेले एक छायाचित्र यापेक्षा कितीतरी अधिक जागा खाते. जागा वाचविण्यासाठी त्यांनी आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांस एकच आकृती वापरिली आहे. रंग तेवढा पांढरा किंवा हिरवा. मारिओच्या मिशा व टोपी यांचेही कारण सौंदर्य नव्हे. इतक्या थोड्या ठिपक्यांत ओठ आणि केस नीट काढता येईनात, म्हणून नाकाखाली मिशा दिल्या व डोक्यावर टोपी चढविली.

पण आम्हांस मारिओचे कौतुक आहे ते त्याच्या पहिल्या पाठासाठी. खेळाच्या आरंभी एकही सूचना लिहिलेली नाही. मारिओ डाव्या बाजूस उभा आहे आणि उजवीकडे मोकळी जागा आहे, तेव्हा आपण आपोआप उजवीकडे जातो. समोरून एक चिडखोर प्राणी येतो. त्यावरून उडी मारावी लागते, आणि उडी मारताना प्रश्नचिन्हाच्या विटेस डोके लागून नाणे निघते. पुढच्या विटेतून अळंबे निघते. ते आधी दूर घसरते, नळास आपटून परत आपल्याकडेच येते, आणि अंगास लागताच मारिओ मोठा होतो. अळंबे चांगले, हे आपणांस कोणी सांगितले नाही. तसा प्रसंगच रचिला. शिकविण्याचा धंदा करणाऱ्या आम्हां मंडळींस यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आमचा सर्वांत लाडका खेळ मात्र 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो १९८५ सालापासून चार वर्षे खपून एकट्याने लिहिला व १९८९ साली प्रसिद्ध केला. तळघरात कोंडलेला एक तरुण साठ मिनिटांच्या आत भुयारे, खड्डे व भाले ओलांडून राजकन्येस दुष्ट वजिराच्या हातून सोडवितो, एवढीच गोष्ट. परंतु त्या तरुणाचे धावणे, थबकणे, कठड्यास लोंबकळणे असे जिवंत होते की तसे तोवर पडद्यावर कोणी पाहिले नव्हते. मेकनरला चित्रकला विशेष येत नसे. त्याने धाकट्या भावास पांढरे कपडे घालून धावावयास व उड्या मारावयास लाविले, त्याचे चित्रण केले, आणि एकेक चित्र गिरवून संगणकात उतरविले. तलवारीचे हात त्याने १९३८ सालच्या रॉबिन हुडवरील चित्रपटातील द्वंद्वावरून घेतले. संगीत त्याच्या वडिलांचे. घरच्या माणसांनी उभे केलेले हे काम आहे.

यात एक प्रसंग आहे, त्याची उत्पत्ती आम्ही विद्यार्थ्यांस नेहमी सांगतो. खेळात शत्रू हवा होता, पण ज्या अॅपल संगणकासाठी खेळ लिहिला जात होता त्याची स्मृती नायकाच्याच चित्रांनी भरून गेली होती. नव्या पात्रास जागा नव्हती. तेव्हा मेकनरने नायकाचीच चित्रे घेऊन, गणिताच्या एका लहानशा युक्तीने ती किंचित सरकवून स्वतःवरच बसविली. त्यातून एक लुकलुकणारी छायाकृती निघाली. नायक आरशातून उडी मारतो तेव्हा ही छाया त्याच्यापासून वेगळी होते. ती त्याचे औषध पिऊन टाकते, दार लावून घेते, आणि शेवटी तलवार उपसून उभी राहते. तिच्यावर वार केला की रक्त आपलेच कमी होते. तिला मारले तर आपणच मरतो. मग करावे काय? तलवार म्यान करावयाची आणि तिच्याकडे चालत जावयाचे. दोघे एक होतात. हे कोठे लिहिलेले नाही. खेळणाऱ्याने स्वतःच ओळखावयाचे. दारिद्र्यातून निघालेली इतकी सुंदर कल्पना आम्हांस दुसऱ्या कोणत्या खेळात आढळली नाही. या खेळाच्या मूळ लेखनाच्या तबकड्या हरवल्या होत्या; त्या मेकनरच्या वडिलांस एका पेटीत सापडल्या, आणि २०१२ साली त्याने ते लेखन सर्वांस पाहावयास खुले केले. इच्छा असेल त्या विद्यार्थ्यास ते आजही वाचता येते.

नोकियाच्या फोनवरील साप १९९७ साली फिनलंडच्या तानेली अर्मांतो याने आणला. त्यात खाणे हेच संकट आहे. जितके खावे तितकी शेपटी लांबते, आणि अखेर आपल्याच शेपटीशी गाठ पडते. यापलीकडे त्यावर भाष्य करण्याची गरज आम्हांस वाटत नाही. १९९९ सालचा 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भागही आमच्या आवडीचा. लाकूड, अन्न, सोने व दगड गोळा करून गाव वसवावे, पुढे किल्ला बांधावा, सैन्य उभारावे, असा तो डाव. राज्य तलवारीने नव्हे तर कोठारांनी चालते, हे त्यात पक्के कळते. २०२२ साली त्यास हिंदुस्थानातील राजवंशांची जोडही मिळाली. मात्र धान पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्यातील शेती फारच सोपी आहे. साठ लाकडे दिली की शेत तयार. रोवणी नाही, पावसाची वाट पाहणे नाही, कीड नाही!

असे खेळ परदेशीच होतात, असे कोणी समजू नये. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. राजी ही डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू यास असुर पळवून नेतात, आणि दुर्गा व विष्णू यांच्या साहाय्याने ती त्यास शोधावयास निघते. त्यातील वाडे व गड राजस्थानी धाटणीचे आहेत, आणि कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपाने येतो. त्या वर्षी पदार्पणातील उत्तम खेळाच्या जागतिक पारितोषिकासाठी त्याचे नाव गेले होते. खेळ काहीसा लवकर संपतो आणि लढाईचे डाव पुढेपुढे सारखे वाटतात, हा दोष आम्ही झाकत नाही. तथापि लहान भावास शोधणारी बहीण नायिका म्हणून उभी करणे, हे आम्हांस मनापासून आवडले. गोंदियाच्या कोणा विद्यार्थ्याने पुढे नवेगावबांध वा नागझिऱ्याच्या रानात घडणारा, सारस पक्ष्यांचा, झाडीपट्टीच्या दंडारीचा खेळ रचावा, अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे.

आता ज्या खेळांचे नाव आम्ही अद्याप घेतले नाही म्हणून कित्येक विद्यार्थी रुष्ट झाले असतील, त्यांविषयी. मोबाइलवरील शंभर जणांच्या बेटावरील लढाया आम्ही पाहिल्या आहेत, थोड्या खेळलोही आहो. सुरक्षित जागेचे वर्तुळ आकसत जाते, त्यामुळे लपून बसलेल्यासही हलावे लागते. ही रचना कुशल आहे यात संशय नाही. सोबत्यांशी बोलत डाव रचण्याची मौजही खरी आहे. तरी तो आमच्या आवडीत बसत नाही, कारण त्यास शेवट नाही. प्रिन्स साठ मिनिटांत संपतो. मारिओची राजकन्या भेटते. या लढाया मात्र आज, उद्या, परवा चालूच. उलट न खेळल्यास काही बक्षीस हुकेल, अशी हुरहूर त्या मुद्दाम लावून ठेवितात. ज्या खेळातून उठण्याची वेळ खेळच सांगत नाही, तेथे ती वेळ घरच्यांनी सांगितली तर मुलांनी रागावू नये.

आणि येथून पुढे पैशाचा प्रश्न येतो. असले कित्येक खेळ फुकट असतात. विकावयास असतात ते रंगीत पोशाख, आणि कित्येकांत 'बंद पेटी'. पेटीत काय निघेल हे पैसे दिल्यावाचून कळत नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखविले होते की, चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळाला तर पक्षी पोट भरताच थांबतो; पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसला तर तो थांबता थांबत नाही. बंद पेटी याच तत्त्वावर चालते. बेल्जियम देशाने २०१८ साली अशा पेट्यांस जुगारच ठरविले.

खेळ आणि जुगार यांत भेद करावयाची आमची कसोटी साधी आहे: हरल्यावर काय जाते? टेट्रिस हरले तर विटांची रास जाते आणि नवा डाव मांडता येतो. जेथे हरल्यावर खिशातील पैसे जातात तेथे पडद्यावर घोडा धावो, पत्ते पडोत, वा विमान उडो, ते सारे द्यूतच होय. द्यूताची कथा आपल्या विदर्भास परकी नाही. विदर्भकन्या दमयंतीचा पती नल राजा पुष्करापुढे फासे टाकून राज्य हरला, आणि नेसत्या वस्त्रानिशी रानात गेला. कथेत सांगितले आहे की त्या वेळी फाशांतच द्वापर शिरून बसला होता. आमचे मते पैशाच्या अॅपचे याहून नेमके वर्णन होणार नाही. मारिओच्या कॅसेटीतील नियम आपल्या हाती होते. सर्वांस सारखे होते. पैशाच्या अॅपमधील फासे दूर कोठेतरी मालकाच्या संगणकात पडतात, आणि त्यांत कोण शिरून बसला आहे हे खेळणाऱ्यास दिसत नाही. आरंभी थोडे जिंकू देणे आणि मग पुरते धुऊन नेणे, ही जुगारी माणसांची रीत जुनीच आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत केला व २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात हाच भेद केला आहे. स्पर्धेचे ई-स्पोर्ट एकीकडे, करमणुकीचे व शिक्षणाचे खेळ दुसरीकडे, आणि पैसे लावून पैसे मिळविण्याची आशा दाखविणारे खेळ तिसरीकडे. पहिल्या दोहोंस उत्तेजन आणि तिसऱ्यास मनाई. मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. असा खेळ चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, आणि त्याची जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा आहे. खेळून बुडालेल्यास मात्र अपराधी मानलेले नाही, ही गोष्ट पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. ज्या घरात मुलाने किंवा मोठ्या माणसानेही अशा अॅपमध्ये पैसे घालविले असतील, तेथे भीतीने गोष्ट दडपली जाते आणि कर्ज वाढत जाते. मुलाने सांगितले तर आधी ऐकून घ्यावे. हिशेब मग विचारावा.

पालकांस आणखी एक विनंती. मुलगा किंवा मुलगी काय खेळते, हे मोबाइल हिसकावून घेण्यापूर्वी एकदा शेजारी बसून विचारावे. 'यात भुते कशी धावतात?' असे विचारले असता जे मूल उत्साहाने सांगू लागते, ते बहुधा खेळ खेळत असते. 'यात पैसे कोठे भरतात?' याचे उत्तर द्यावयास जे टाळाटाळ करते, तेथे मात्र चौकशी झाली पाहिजे.

ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनीही निराश होऊ नये. पॅक-मॅन शाळेच्या मैदानावर खेळता येतो. चुन्याच्या फक्कीने पाच उभ्या व पाच आडव्या रेघा आखाव्या. रेघांवरूनच धावावयाचे, मधून नाही. रेघांवर वीस-पंचवीस चिंचोके ठेवावे. एकाने ते वेचावे. चौघांनी तांबडा, गुलाबी, निळा व नारिंगी असे रुमाल बांधून वर सांगितलेले नियम काटेकोर पाळावे. माघारी एकदम वळू नये, आणि पंचाने शिटी दिली की सर्वांनी आपापल्या कोपऱ्यात जावे. मैदान लहान असल्यामुळे आठ घरांऐवजी आठ पावले धरावी. निळ्या रुमालवाल्यास भूमितीत गती असलेली बरी. आणि नारिंगी रुमाल, आठ पावलांवर आलेला गडी दिसत असता, हात लांबविण्याचा मोह आवरून जो खरोखर मागे फिरू शकेल, अशालाच द्यावा.